पोटातले चार फोटो

मेसच्या डाळीवर दर अंकात एक लेख असतोच. मी पोटावर लिहितोय. माझ्या नव्हे, बाबांच्या.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. तालुक्याच्या गावी दुर्बिणीची तपासणी केली. मी बाहेर चहा संपवायच्या आत बाबा बाहेर! रिपोर्टवर अन्ननलिका नॉर्मल, जठर नॉर्मल, सगळंच नॉर्मल. खाली चार फोटो: एक धुरकट, एकात नुसता फेस, उरलेले दोन जवळजवळ सारखेच. आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी होतो.

चार महिन्यांनी त्रास वाढला म्हणून पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "बाकीचे फोटो?" बाकीचे नव्हतेच. म्हणून पुन्हा उपाशीपोटी नळी, पुन्हा पैसे. या वेळी जठराच्या आतल्या वळणावर अल्सर सापडला. तुकडा तपासायला गेला, ते आठ दिवस घरात कुणी धड बोलत नव्हतं. कॅन्सर निघाला नाही. पण अल्सर आधीपासून होता की नंतर झाला? कुणीच सांगू शकत नाही, कारण त्या वळणाचा पहिला फोटोच नाही. पहिल्या डॉक्टरांनी कदाचित नीट पाहिलंही असेल. पण मग त्यांच्या बाजूनेही पुरावा नाही!

मित्रांनो, रीडिंग न लिहिता रिझल्ट लिहिला तर सर आपलं जर्नल फेकून देतात. (आपण रीडिंग कशी 'आणतो' तो विषय वेगळा.) मग इथेच सूट का?

१९५० साली जपानमध्ये डॉ. उजी आणि इंजिनिअर सुगिउरा यांनी गॅस्ट्रोकॅमेरा बनवला. त्यातून डोळ्याने आत बघायची सोयच नव्हती. फोटो काढायचे, फिल्म धुवायची, मग निदान. म्हणजे तिथे फोटो हीच तपासणी होती. युरोपातल्या एंडोस्कोपी संघटनेने २००१ मध्ये किमान ८ फोटो सुचवले, २०१६ मध्ये किमान १०, आणि पहिल्या तपासणीला निदान ७ मिनिटं. जपानचे डॉ. केन्शी याओ यांच्या पद्धतीत एकट्या जठराचेच २२ फोटो आहेत.

बाहेर चाळीस पेशंट ताटकळत असताना सात मिनिटं देणं सोपं नाही, मान्य. आणि नुसता आकडा गाठून तरी काय, दहाही धुरकट असले तर? आधी फेस धुवायला हवा, कॅमेरा मागे वळवून जठराचा वरचा घुमट दाखवायला हवा, प्रत्येक फोटोखाली जागेचं नाव हवं.

दरवर्षी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम करणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यांनो, एक प्रोजेक्ट सुचवतो. ज्या जागेचा फोटो नाही, तिच्यापुढे 'नॉर्मल' टाईपच होऊ न देणारं रिपोर्टिंग सॉफ्टवेअर करा. बाबांच्या रिपोर्टवरचं 'नॉर्मल' आधीच छापलेलं होतं, असा माझा दाट संशय आहे.

अल्सर भरला का ते बघायला पुढच्या महिन्यात पुन्हा दुर्बीण आहे. मी पेन ड्राईव्ह घेऊन जाणार आहे. सबमिशन बुडालं तरी चालेल.