आठवीतला एक धडा

शिकागो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? १८९३ ची सर्वधर्म परिषद आणि स्वामी विवेकानंद. मीही वर्गात तेवढंच शिकवलं. पण परवा पुतणीच्या मुलीने फोनवर विचारलं, "आजी, पोलीस लोकांना मारून कबुली घेतात, हे तू शाळेत शिकवायचीस का?" पोर शिकागोच्या सार्वजनिक शाळेत आठवीत आहे. म्हटलं, हे कुठून काढलंस? तर म्हणे, "अभ्यासक्रमातच आहे!"

मग मी वाचायला बसले.

जॉन बर्ज हा शिकागोचा पोलीस अधिकारी. १९७२ ते १९९१ या काळात त्याने आणि त्याच्या हाताखालच्या पोलिसांनी शंभराहून जास्त माणसांचा छळ केला. जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. विजेचे झटके द्यायचे, तोंडावर प्लास्टिकची पिशवी आवळायची. अशा कबुलीजबाबांवर काहींना देहदंडाची शिक्षाही झाली होती. १९९३ मध्ये बर्जची नोकरी गेली. पण छळाबद्दल खटला कधी उभाच राहिला नाही, कारण कायद्याची मुदत टळली होती. २०१० मध्ये तो दोषी ठरला तो शपथेवर खोटं बोलल्याबद्दल. साडेचार वर्षांची कैद झाली. पेन्शन मात्र चालूच राहिली.

शेवटी पीडितांच्या आणि कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे २०१५ मध्ये नगर परिषदेने ठराव केला. ५५ लाख डॉलरची भरपाई, जाहीर माफी, समुपदेशन केंद्र. आणि एक कलम असं, की शहरातल्या सार्वजनिक शाळांत आठवी आणि दहावीच्या मुलांना हे शिकवायचं.

मी अडकले ती या कलमापाशी. कारण या शहराला विसरण्याची जुनी सवय आहे.

१८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी तिथे कामगारांचा संप झाला. ३ मे रोजी पोलिसांनी कामगारांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी हेमार्केटमधल्या निषेध सभेत कुणीतरी बॉम्ब टाकला. कुणी, ते कधीच सिद्ध झालं नाही. तरी १८८७ मध्ये चार कामगार पुढारी फासावर गेले. १८८९ मध्ये तिथे पुतळा उभा राहिला तो पोलिसाचा. तुरुंगात उरलेल्या तिघांना गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी १८९३ मध्ये माफी दिली आणि खटलाच अन्यायाचा होता असं म्हटलं. विवेकानंद शिकागोत बोलले ते त्याच वर्षी!

पुढे ३० मे १९३७. रिपब्लिक स्टील कंपनीचे संपकरी बायकामुलांसह कारखान्याकडे निघाले होते. पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. बहुतेकांना गोळ्या लागल्या त्या पाठीत किंवा कुशीत, म्हणजे माणसं पळत होती. पॅरामाउंटच्या माणसाने हे चित्रित केलं होतं, पण लोक भडकतील म्हणून ती फिल्म दाबून ठेवली गेली. सिनेटच्या समितीने ती मागवून पाहिली तेव्हा खरं बाहेर आलं. तरीही चौकशीत हे मृत्यू समर्थनीयच ठरले.

आता पुतणीचं म्हणणं, "काकू, आठवीच्या मुलांना हे कशाला? पोलिसांची भीती बसेल." तिथल्या काही पालकांनी, विशेषतः पोलिसांच्या घरातल्यांनी, असाच आक्षेप घेतला होता. त्यांची काळजी खोटी नाही. ज्याचे वडील रोज वर्दी चढवून बाहेर पडतात, त्या मुलाने वर्गात मान खाली का घालावी?

पण मला वाटतं, धडा पूर्ण शिकवला तर मान खाली जाणार नाही. बर्जविरुद्धच्या एका दाव्यात, १९८९ मध्ये, पीडिताच्या वकिलांकडे निनावी पत्रं आली. पाकिटं पोलीस खात्याची होती. आतल्याच कुणीतरी इतर पीडितांचा माग दाखवला. तोही पोलीसच असणार ना? मुलांना दोघेही कळू देत. आणि ज्या गल्ल्यांतली माणसं छळली गेली, तिथल्या मुलांना हे घरी माहीत असतंच. शाळा गप्प बसली तर ती एवढंच शिकतात, की शाळाही खोटं बोलते.

हे मी साळसूदपणे सांगत नाही. दरवर्षी १ मे ला झेंडावंदनानंतर मी महाराष्ट्र दिनावर बोलत असे. एका वर्षी एका गिरणी कामगाराच्या मुलाने विचारलं, "बाई, आज कामगार दिनही असतो ना? तो का?" मी म्हटलं, "परीक्षेला नाही ते." तो खाली बसला. उत्तर शिकागोत होतं, आणि मला शोधायचा कंटाळा होता. तो मुलगा आज पन्नाशीचा असेल.

एक धडा लावला म्हणून मेलेली माणसं परत येत नाहीत, आणि बर्जच्या पेन्शनचा हिशेबही चुकता होत नाही. पण चौकातल्या पुतळ्याला मुलं प्रश्न विचारू शकत नाहीत, वर्गात बाईंना विचारू शकतात. म्हणून तो धडा मला त्या पुतळ्यापेक्षा मोठा वाटतो.

नातीला म्हटलं, "नाही गं, मी नाही शिकवलं. तू मला शिकव." रविवारी फोन करणार आहे ती. वही-पेन घेऊन बसेन म्हणते.