काळ्या कागदावरचं शहर

‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज’ १९९२ साली अमेरिकेत सुरू झाली. तिचा पहिला सीझन पुन्हा पाहायला घेतला आणि आधी नजरेत भरला तो अंधार. मालिकेचे सहनिर्माते एरिक राडोम्स्की यांनी बॅटमॅनच्या गॉथम शहराची पार्श्वचित्रं काळ्या कागदावर रंगवून घेतली. म्हणजे रात्र आधीपासून तिथे होतीच. रंगांनी उजळायची ती फक्त एखादी खिडकी, एखाद्या इमारतीची कड.

पण पाय अडखळला ‘हार्ट ऑफ आइस’ या भागापाशी. लेखन पॉल डिनी यांचं, दिग्दर्शन ब्रूस टिम यांचं. मिस्टर फ्रीझ तोवर बर्फाची बंदूक चालवणारा किरकोळ खलनायक होता. डिनींनी त्याला नोरा दिली. आजारी बायको, तिला वाचवण्यासाठीच त्याने गोठवून ठेवलेली. शेवटी कोठडीत तो हातातल्या काचेच्या गोळ्याकडे बघत बसतो. आत इवलीशी नर्तकी, भोवती भुरभुरणारा बर्फ. तो तिची क्षमा मागतो. मुलांच्या मालिकेत, जेमतेम वीस-बावीस मिनिटांत, एवढं दुःख! पूर्वी पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात राहिली होती ती बंदूक. आता तो काचेचा गोळा डोळ्यांसमोरून हलत नाही.