पुलावरचा नारळ

पाणजू हे वसईच्या खाडीतले बेट. एका काठाला नायगाव, दुसऱ्या काठाला भाईंदर, आणि दोन्ही काठ जोडणारा रेल्वेचा पूल. बेटावरून नायगावला यायला बोट आहे, पण वारा-पाऊस वाढला की ती बंद पडते. मग पाणजूकर रुळांच्या कडेने पुलावरून चालू लागतात. सप्टेंबर 2025 मध्ये, ऐन नवरात्रात, असाच एक तरुण पुलावरून चालला होता. धावत्या लोकलमधून कुणीतरी निर्माल्याचा नारळ खाडीच्या दिशेने भिरकावला. तो पाण्यापर्यंत पोचलाच नाही. तरुणाच्या डोक्याला लागला आणि त्याचा जीव गेला.

अर्धा किलोचा नारळ ताशी 70 किलोमीटरने धावणाऱ्या गाडीतून सुटला, की गाडीचा वेग घेऊनच सुटतो. हिशेब केला तर वेगवान गोलंदाजाच्या चेंडूइतकी ताकद त्यात भरते. फरक एवढाच, की फलंदाजाच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि चेंडू येणार हे त्याला ठाऊक असते.

ज्याच्या हातून तो नारळ सुटला, त्याच्या मनात वैर नव्हते हे जवळपास खात्रीने सांगता येते. देवाला वाहिलेले फूल पायदळी येऊ नये, ते पाण्यात सोडावे, ही शिकवण घरोघरी आईकडून, आजीकडून मिळते. त्यामागे आदर आहे. आदराने केलेल्या एका कृतीने ओळखपाळख नसलेल्या माणसाचा जीव घेतला आणि फेकणाऱ्याला बहुधा त्याचा पत्ताही लागला नाही. देव चांगला असेल तर जगात वाईट का, हा प्रश्न इतक्या जवळून क्वचितच समोर येतो. इथे तर नवस, पूजा, प्रसाद यांच्याच वाटेने मृत्यू आला.

हा प्रश्न आपल्याकडे दडपला गेला असे मुळीच नाही. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात देवावर दोन आरोप स्पष्ट ठेवले आहेत: वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा. शंकराचार्यांच्या भाष्यातले उत्तर असे, की ईश्वर ज्याच्या-त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण पाणजूच्या त्या घरी जाऊन तो उच्चारायचा म्हटले, तर अर्थ काय होतो? गेलेल्याचेच काहीतरी चुकले होते. हे कुणाला सांगवेल? ‘देवाची मर्जी’, ‘तेवढेच आयुष्य घेऊन आला होता’, ही आपली नेहमीची वाक्ये मऊ लागतात, पण कामगिरी तीच करतात. पुढचा प्रश्न विचारायची सोयच ठेवत नाहीत.

वसईच्या परिसरात ख्रिस्ती वस्ती शतकांची आहे. बायबल सोप्या मराठीत आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच तालुक्यातल्या नंदाखालचे. त्या बायबलच्या जुन्या करारात ईयोबाची गोष्ट आहे. सज्जन माणूस, मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगभर फोड आले. त्याचे मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. मैत्रीचे याहून चांगले वर्णन सापडणे कठीण. बिघडते ते बोलायला लागल्यावर: तू पाप केले असशील, देव अन्याय करत नाही. सारी प्रकरणे संपता संपता देव रागावतो तो या वकिली करणाऱ्या मित्रांवर. आक्रोश करणाऱ्या ईयोबाची बाजू तो उचलून धरतो.

तुकोबांचेही तसेच. 1630 च्या आसपासच्या दुष्काळात त्यांची बायको अन्नान्न करत गेली, व्यापार बुडाला. पुढे त्यांनी विठोबाशी भांडण मांडले, त्याला जाब विचारला, आणि त्याला सोडलेही नाही. देवाला जाब विचारणे म्हणजे नास्तिकपणा, असे वारकऱ्याला कधी वाटले नाही.

युरोपात या प्रश्नाने सर्वांत मोठा हादरा दिला 1 नोव्हेंबर 1755 रोजी. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लिस्बनची चर्चे माणसांनी भरलेली, आणि भूकंप. ज्या पोर्तुगिजांनी 16 वर्षांपूर्वी चिमाजीअप्पांपुढे वसई गमावली होती, त्यांची राजधानी कोसळली. व्हॉल्तेअरने त्यावरून, जे घडते ते भल्यासाठीच, या समजुतीवर कडाडून हल्ला चढवला. रूसोने त्याला पत्रातून वेगळेच उत्तर दिले: सहा-सहा, सात-सात मजल्यांची घरे दाटीवाटीने निसर्गाने बांधली नव्हती.

महाराष्ट्राला हे किल्लारीने शिकवले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जन करून गावे नुकती झोपली होती तेव्हा जमीन हलली. सात हजारांहून जास्त माणसे गेली. जमिनीचे हलणे कुणाच्या हातात नव्हते. पण बहुतेकांचा जीव घेतला तो दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या माळवदांच्या ओझ्याने.

आणि विरार तर नायगावहून लोकलने थोड्याच मिनिटांवर. 26 ऑगस्ट 2025 च्या मध्यरात्री, काही तासांवर गणेश चतुर्थी असताना, तिथली एक अनधिकृत चार मजली इमारत कोसळली. 17 जणांचा बळी गेला. या ढिगाऱ्यापाशी उभे राहून आभाळाकडे बघणे समजण्यासारखे आहे, दुःखात माणूस दुसरे काय करणार? पण अनधिकृत इमारत आभाळातून पडत नाही. ती बांधली जाते, विकली जाते, तिला पाणी आणि वीज मिळते, तिच्याकडे काणाडोळा होतो. त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर एक माणूस असतो आणि तो ‘नाही’ म्हणू शकत होता.

या बाबतीत मराठीत सर्वांत नीट विचार जोतीराव फुल्यांनी केला, असे म्हणावे लागेल. ते देव मानत. त्यांचा निर्मिक दयाळू आहे, सर्वांना सारखे स्वातंत्र्य देणारा आहे, त्याला फुलांची किंवा नैवेद्याची गरज नाही. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात हा निर्मिक भेटतो. शूद्रातिशूद्रांचे हाल त्याने केले, असे जोतीरावांनी कधी म्हटले नाही. हाल माणसांनी केले, तेव्हा हिशेब माणसांकडेच मागायचा. देव चांगला मानल्याचा त्यांनी काढलेला अर्थ हा होता.

नायगाव म्हटले की अनेकांना दुसरे नायगाव आठवते, सातारा जिल्ह्यातले, सावित्रीबाईंचे. 1897 च्या प्लेगात देवाने साथ का पाठवली याचा खल करत त्या बसल्या नाहीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, आणि त्याच साथीने 10 मार्च रोजी त्यांना नेले. याला प्रश्नाचे उत्तर म्हणता येणार नाही. प्रश्न तसाच राहतो, सावित्रीबाईंसारख्या बाईलाच प्लेग का व्हावा हा नवा प्रश्न उलट उभा राहतो. पण तो मुलगा दवाखान्यापर्यंत पोचला.

पाणजूच्या प्रकरणातही देवाला जे विचारायचे ते ज्याच्या-त्याच्या श्रद्धेवर सोडावे. माणसांना विचारायचे बरेच उरते. बेटावरच्या लोकांना रोजच्या कामासाठी रेल्वेच्या पुलावर जीव मुठीत धरून का चालावे लागते? नायगाव-भाईंदर रस्तापुलाची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे, तो होईपर्यंत वाऱ्यातही चालेल अशी मोठी, सुरक्षित बोट का नाही? गणपतीत तलावांवर निर्माल्य कलश ठेवले जातात, तसे नायगाव आणि भाईंदर स्थानकांच्या फलाटांवर बारा महिने का नसावेत? आणि देवळांतून, मंडळांतून, घरातल्या देव्हाऱ्यापाशी एवढे सांगायला कुणाची परवानगी लागते, की निर्माल्य झाडाच्या मुळाशी घाला, त्याचे खत होते, देवाचा त्यात अपमान नाही?

खाडीला उधाण असेल त्या सकाळी पाणजूची माणसे डबा घेऊन त्या पुलावर चालत असतील. लोकलच्या दारात निर्माल्याची पिशवी घेऊन कुणी उभे असेल, हात जोडून, पाण्याकडे बघत. रुळांच्या कडेची वाट त्या दारातून दिसतच नाही, म्हणून पिशवी हातात घेण्याआधीच, घरी, हे कुणीतरी सांगायला हवे.