भय ताटातले, धोका हातातला

साथ आली की माणूस आधी आपल्या ताटाकडे संशयाने पाहतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला, तेव्हा मी बँकेत नोकरीला होतो. आमच्या शाखेने कुक्कुटपालनासाठी दिलेली कर्जे तिथून पुष्कळ लांबच्या गावांतली होती आणि त्या शेडांमध्ये एकही पक्षी आजारी नव्हता. तरी गिऱ्हाइकाने कोंबडीकडे पाठ फिरवली आणि हप्ते थकले. एक कर्जदार मला म्हणाला, "साहेब, रोग तिकडं अन् मरण इकडं." त्याच्या बोलण्याचा पुरता अर्थ मला कळला तो पुढे, पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाविषयी वाचताना.

गिनी देशातल्या मेलियांदू नावाच्या खेड्यात डिसेंबर २०१३ मध्ये एक तान्हे म्हणावे असे पोर दगावले. तिथून निघालेली साथ लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये पसरली. २०१६ मध्ये ती संपली तोवर २८,००० हून अधिक लोकांना तिने गाठले होते आणि ११,००० हून अधिक माणसे मेली होती. हा विषाणू मुळात वटवाघळांकडून माणसात आला असावा, असा शास्त्रज्ञांचा कयास. म्हणून त्या भागातल्या सरकारांनी शिकारीच्या मांसावर बंदी घातली. शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये तर इबोलाचा एकही रुग्ण नसताना बंदी आली.

त्या मुलखात रानातले मांस ही नुसती हौस नाही. साळिंदर, लहान हरणे, मोठ्या घुशीसारखा दिसणारा एक प्राणी यांची शिकार पुरुष करतात. बायका ते मांस धुरावर सुकवून बाजारात विकतात. घरातले मीठमिरची आणि पोरांची फी त्यातूनच निघते. अशा घरांना फलक सांगू लागले की रानमांस खाल तर मराल. लोकांनी साधा हिशेब केला: आजा खात होता, बाप खात होता, आम्हीही खातो, मग मेले कोण?

त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. जनुकांच्या तपासणीत असे दिसले, की विषाणू प्राण्याकडून एकदाच आला आणि मग माणसाकडून माणसाकडे जात राहिला. आजाऱ्याची शुश्रूषा करणारी आई, प्रेताला अखेरची आंघोळ घालणारे आप्त यांना तो गाठत होता. मांसाचा धोकाही होता, पण तो मुख्यतः ताजी शिकार किंवा रानात मरून पडलेला प्राणी सोलताना, रक्त हाताला लागण्यात होता. नीट शिजलेल्या मांसात नव्हे. हा भेद फलकावर नव्हता. परिणाम असा झाला, की बाजार उठला तरी विक्री थांबली नाही, ती परसदारी गेली. त्याहून वाईट म्हणजे, त्याच तोंडाने "प्रेताला हात लावू नका" हे खरे सांगितले, तेव्हा त्यावरही लोकांचा विश्वास बसेना.

मग उपयोग कशाचा झाला? दारोदार क्लोरीनच्या पाण्याची, नळ बसवलेली बादली आली. भेटल्यावर हात मिळवणे थांबले. इमाम आणि पाद्री यांना बरोबर घेऊन, घरच्यांना प्रार्थनेला उभे राहू देऊन सुरक्षित दफन होऊ लागले. माणसाचे दुःख न नाकारता त्याची रीत तेवढी बदलली, आणि ती बदलली गेली.

दुसरी गोष्ट पैशाची. चीनमध्ये २००३ च्या सार्सनंतर उदमांजरांसारख्या प्राण्यांच्या विक्रीवर बंदी आली आणि काही महिन्यांतच ती सैलावली. २०२० च्या फेब्रुवारीत, कोविडच्या धास्तीने, जमिनीवरचे वन्यप्राणी खाण्यावर सरसकट बंदी झाली. मात्र मे महिन्यात हुनान प्रांताने ते प्राणी पाळणाऱ्यांना भरपाई जाहीर केली: नागाला किलोमागे १२० युआन, बांबूच्या उंदराला ७५. आयुष्यभर कर्जवसुली केलेल्या माणसाला यातले शहाणपण चटकन पटते. ज्याची चूल त्या धंद्यावर पेटते, त्याच्या नुकसानीचा हिशेब न धरता काढलेला हुकूम कागदावरच राहतो.

आणि आपण? २०२० मध्ये, करोना दाराशी आलेला असताना, कोंबडीने तो होतो या अफवेवर आपल्याकडे कितीतरी घरांनी कोंबडी सोडली. सरकार तसे काही नाही म्हणत होते, तरी भाव कोसळले. बाहेरून आल्यावर हात धुण्याची आठवण मात्र त्याच घरांत पोरांना पुन:पुन्हा द्यावी लागत होती. ताटातला पदार्थ सोडणे सोपे असते. हाताची सवय सोडणे कठीण.

साथी पुढेही येतील. सांगणाऱ्याने "हे वाईट" एवढ्यावर न थांबता ते कशाने वाईट हे नेमके सांगावे. आणि घरात बसून ऐकणाऱ्या आपण, ताट दूर सारण्याआधी, तेवढा एक प्रश्न विचारायला शिकावे.