सात सामुराई धुळ्यापर्यंत आले, मावळे पुण्यातच

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ (राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे यासह)



अकिरा कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराई’चा नवा फोर-के संच माझ्याकडे आहे. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने येताना आणला. त्याचं परीक्षण एखाद्या मासिकाला पाठवावं असा बेत होता. पण लिहायला बसल्यावर जे सुचत गेलं, त्यातलं निम्मं तुम्हालाच सांगण्यासारखं निघालं. म्हणून हे पत्र, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून खुलं.

आधी संचाबद्दल. चित्रपट १९५४ चा, कृष्णधवल, तीन तास सत्तावीस मिनिटांचा. परदेशी वितरकांनी तो पूर्वी पाऊण तासाच्या आसपास छाटून दाखवला होता. क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने २०२४ च्या अखेरीस काढलेल्या या संचात तो अख्खा आहे, मध्यंतर आणि त्यातल्या संगीतासकट. एक फोर-के डिस्क, दोन ब्लू-रे. मूळ निगेटिव्ह आज उरलेली नाही. तिच्यावरून पुढे काढलेल्या फिल्मवर मेहनत घेऊन जपानच्या तोहो कंपनीने ही प्रत उभी केली, आणि हे डोक्यात ठेवून पाहिलं की पडद्यावर जे दिसतं त्याचं जास्तच नवल वाटतं.

शेवटची लढाई घ्या. मुसळधार पाऊस, गुडघाभर चिखल, घोडे, आणि एकाच वेळी चालणारे अनेक कॅमेरे. व्हीसीडीच्या जमान्यात आम्ही हा प्रसंग पाहिला तेव्हा पावसाच्या जागी एक राखाडी पडदा हलत असायचा आणि त्यामागे कोणीतरी कोणाला तरी मारत असायचं. इथे पावसाची धार वेगळी, चिखल वेगळा, चिखलात पडलेला माणूस वेगळा. सातांपैकी एक किकुचियो लढाईआधी मातीच्या उंचवट्यावर तलवारी रोवून ठेवतो, कारण एका तलवारीने फार माणसं मारता येत नाहीत. ती पाती आता एकेक करून मोजता येतात. फिल्मचे कण तसेच ठेवलेत, चेहरे मेण लावल्यासारखे गुळगुळीत केलेले नाहीत. एक दृश्य पुसत दुसरं आत येतं त्या जागी प्रत अजून थोडी मऊ पडते. ते त्या काळच्या तंत्राचं देणं आहे, तिथे कोणी चलाखी केली नाही हे चांगलंच झालं. आवाज मूळचा, एकाच वाहिनीचा. फुमिओ हायासाका यांच्या संगीतातला खर्ज मात्र साध्या टीव्हीच्या स्पीकरवर ऐकू नये.

उणिवाही आहेत. पुरवणीचा मजकूर बहुतेक जुन्याच आवृत्त्यांतला. ज्याच्याकडे २०१० ची ब्लू-रे आहे त्याला नवी मिळते ती प्रत. बाकी शिदोरी तीच. शिवाय ब्लू-रेला प्रदेशाचं कुलूप असतं. अमेरिकेचा प्रदेश ‘ए’, आपला ‘सी’. फोर-के डिस्कला हे कुलूप नसतं, त्यामुळे सिनेमा धुळ्यात सुखाने लागतो. पुरवणी पाहायला सगळे प्रदेश चालवणारा प्लेअर लागतो. तो जळगावच्या एका मित्राकडे होता, म्हणून ती सारी तिकडे बसून पाहिली. भाषापट्टी फक्त इंग्रजी. तरीही पुरवणी जुनी म्हणून हलकी नाही. अभ्यासकांची दोन वेगवेगळी भाष्यं, चित्रपट कसा घडला त्यावरचा माहितीपट, आणि नागिसा ओशिमा या दुसऱ्या मोठ्या दिग्दर्शकाने कुरोसावांशी मारलेल्या जवळजवळ दोन तास गप्पा. पैसे वसूल.

हा सिनेमा समजायला खानदेशातल्या माणसाला जपान माहीत असावं लागत नाही. पीक तयार झालं की दरोडेखोर येणार, सरकार म्हणावं असं कोणी नाही, मग गावाने सामुराई आणून आपला बंदोबस्त आपण करायचा. आमच्या गावोगावी अजून ज्या पडक्या गढ्या दिसतात त्या कशासाठी बांधल्या होत्या? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पेंढाऱ्यांनी आणि दुष्काळाने हा मुलूख ओस पाडला. गावची राखण करणारे भिल्ल जागले होते, किल्ल्यांवर पगारी अरब होते, आणि १८१८ मध्ये इंग्रज आले तेव्हा थाळनेरला आणि मालेगावला त्यांच्याशी लढले ते हेच पगारी अरब. दुसऱ्याच्या गावासाठी पोटावर लढणारा माणूस ही आमच्याकडे कादंबरीतली गोष्ट नव्हती. कुरोसावांच्या गावातले शेतकरी स्वतः भरड धान्य खाऊन राहतात आणि सामुरायांना भात वाढतात. पाहुण्याला गव्हाची पोळी, घरच्यांना कळण्याची भाकरी, हे ज्या घरात पाहिलंय तिथे या प्रसंगाला भाषापट्टी नसली तरी चालेल. आणि तेच गरीब शेतकरी पळणाऱ्या, जखमी सामुरायांना मारून त्यांची चिलखतं लपवून ठेवतात, हेही आम्हाला अवघड जात नाही. शेतकऱ्याला नुसता भोळा दाखवणारा सिनेमा आमच्या गळी उतरत नाही.

ही गोष्ट आमच्यापर्यंत आधीही आली होती, दुसऱ्यांच्या तोंडून. ‘शोले’ (१९७५) मधलं भाडोत्री लढवय्ये आणणारं गाव याच कुळातलं. पुढे २००० साली धुळ्याच्या शेजारी, आग्रा रोडवरच्या मालेगावात नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. व्हिडिओ पार्लर चालवता चालवता, दोन व्हीसीआर जोडून संकलन शिकलेला माणूस. तो सिनेमा व्हिडिओ पार्लरमध्ये चालला. म्हणजे तोहोच्या स्टुडिओतून निघालेली गोष्ट व्हिडिओच्या वाटेने सुतावर पोट असलेल्या गावात पोहोचली. आमच्या भागात घरगुती व्हिडिओ हा कधीच श्रीमंतांचा छंद नव्हता. २००७ च्या आगेमागे २८ रुपयांना व्हीसीडी मिळायला लागली तेव्हा एस.टी. स्टँडासमोर खानदेशी विनोदी सिनेमे आणि अहिराणी गाण्यांच्या डिस्क हातगाडीवर खपत होत्या. लोक विकत घेत होते, साहेब. विकायला चांगलं काही असलं तर.

आता मुद्द्यावर येतो. जपानच्या तलवारबाजीच्या सिनेमाची इतकी देखणी आवृत्ती माझ्या कपाटात आहे. मराठीत तलवारीचा सिनेमा काही कमी झाला नाही. बाबूराव पेंटर यांचा मूक ‘सिंहगड’ १९२३ चा. प्रभातचा बोलपट ‘सिंहगड’ १९३३ चा. भालजी पेंढारकरांनी तर आयुष्य त्यात घातलं: ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘थोरातांची कमळा’ (१९४१), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४). शेवटच्या दोन्हींना संगीत ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकरांचं. या सिनेमांच्या ज्या प्रती आम्ही पाहिल्या त्या चौकोनी चित्र ओढून रुंद केलेल्या, कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का, आणि गाणं संपायच्या आत पुढच्या दृश्यात उडी. लढाईत तर धूळच दिसते, आणि तीही ठोकळ्यांची. तीस-चाळीस मावळे एकदम उतारावरून धावत येतात तिथे चित्रच फाटतं. जिथे दिग्दर्शकाने सर्वांत जास्त घाम गाळला नेमकी ती जागा प्रेक्षकाला दिसत नाही.

यावर ‘हे सगळं इंटरनेटवर आहे की’ असं उत्तर मिळतं. पाऊस, धूळ, धूर, पळते घोडे यांचीच इंटरनेटवरच्या प्रक्षेपणाला सर्वांत जास्त अडचण होते, कारण क्षणाक्षणाला सगळं चित्र बदलतं आणि तेवढी माहिती तारेतून येत नाही. फोर-के डिस्कवर ६६ किंवा १०० जीबी जागा असते. साध्या एका थराच्या डीव्हीडीवर ४.७. आणि हक्काचा करार संपला की इंटरनेटवरचा सिनेमा एका रात्रीत नाहीसा होतो, तसा कपाटातला होत नाही.

धुळ्यातून लिहितोय म्हणून राजवाड्यांचं नाव घेणं भाग आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे याच गावात ३१ डिसेंबर १९२६ ला गेले आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. वाड्यावाड्यांतून जुनी दप्तरं हुडकत त्यांनी पायपीट केली हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती जमवलेली पत्रं पेटीत बंद राहिली असती तर आज राजवाडे हे नाव कोणी घेतलं नसतं. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली गेली: मूळ पत्र, त्याला टिपा, आणि पुढे लांबलचक, भांडखोर प्रस्तावना. त्या प्रस्तावनांशी लोक अजून वाद घालतात. क्रायटेरियनने ‘सेव्हन सामुराई’चं जे केलंय ते नेमकं हेच काम आहे. मूळ संहिता शक्य तितकी शुद्ध, तिच्यासोबत जाणकारांचं भाष्य, आणि ती बाजारात विकत मिळण्याची सोय. तुमच्या संग्रहालयात हुडकणं झालंय, जपणंही चालू आहे. छापणं राहिलंय.

हुडकण्याचं मोल कमी लेखत नाही. १९६४ मध्ये संग्रहालय सुरू झालं, त्यानंतर पी. के. नायर यांनी डब्यांमागे डबे गोळा केले नसते तर आज बोलायलाही काही उरलं नसतं. पण नुसतं कोठारात ठेवलं की वाचलं, असंही नाही. १९४८ च्या दंगलीत कोल्हापूरचा भालजींचा स्टुडिओ जळाला. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून प्रभातसह कितीतरी जुन्या फिल्म गेल्या. जे प्रती काढून इतरत्र पोहोचलं होतं, ते राहिलं.

तुम्हाला हे जमतं, याचा पुरावा तुमच्याकडेच आहे. २०२४ च्या मे महिन्यात कान महोत्सवाच्या अभिजात विभागात ‘सेव्हन सामुराई’ची ही फोर-के प्रत दाखवली गेली, आणि त्याच वर्षी त्याच विभागात श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ही. ‘मंथन’ची प्रत फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केली, पण मूळ निगेटिव्ह तुमच्या पुण्याच्या संग्रहालयातली होती. त्यात स्मिता पाटील आहेत, म्हणजे आमच्या शिरपूरच्या घरातल्या. इतक्या जवळ दोन्ही सिनेमे बसले होते. शिवाय महामंडळाने ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ या नावाने स्वच्छ केलेल्या जुन्या सिनेमांच्या डीव्हीडी काढल्या होत्या. स्मिताबाईंचा ‘मिर्च मसाला’ त्यात होता. तेव्हा संग्रहालय वेगळं होतं आणि महामंडळ वेगळं. २०२२ पासून दोन्ही एकाच छताखाली आहेत. फिल्म ज्यांच्याकडे आणि विकण्याचा अनुभव ज्यांच्याकडे, ते आता एकच. त्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची घोषणा झाली. मग अडतंय कुठे?

खप होणार नाही, असं म्हणाल. फोर-के काढाच असा हट्ट नाही. नीट केलेली ब्लू-रे, सोबत डीव्हीडी, एवढ्यावर मी खूश आहे. आणि पहिलं गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी सार्वजनिक ग्रंथालयं जिल्ह्याजिल्ह्यात, तालुक्यातालुक्यात आहेत. त्यातल्या ‘अ’ वर्गाच्या ग्रंथालयांनी एकेक संच घेतला तरी पहिली आवृत्ती उठेल. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात जळगाव, धुळे आणि नंदुरबारची पोरं शिकतात. सिनेमावर लिहायचं म्हटलं तर त्यांच्या हाती मोबाइलवरची ती फाटकी प्रतच असते.

माझी सुचवणी एकाच सिनेमाची आहे: ‘मराठा तितुका मेळवावा’. लोकांना आठवणारा आहे, संगीताचं नाव मोठं आहे, आणि लढाया आहेत. मूळ प्रमाणातलं चित्र. पूर्ण लांबी. मराठी आणि इंग्रजी भाषापट्टी. मराठी यासाठी की ऐकू कमी येणारी म्हातारी माणसंच याची पहिली गिऱ्हाइकं. एक भाष्य इतिहासाच्या अभ्यासकाचं, जो भालजींनी इतिहासाशी कुठे मोकळीक घेतली ते भीड न ठेवता सांगेल. दुसरं तलवार, पट्टा, भाला यातल्या जाणत्याचं. ‘सेव्हन सामुराई’त सातांपैकी चौघे मरतात आणि चौघेही बंदुकीच्या गोळीने, तलवारीच्या सिनेमातली ही गोष्ट भाष्य ऐकत पाहिलं की मनात ठसते. आपल्या सिनेमांतल्या लढायांकडे असं कोणी बोट दाखवून सांगितलेलं नाही. ते पट्टा फिरवणारे लोक कोण होते, कोणत्या तालमीतले, घोडे कुणाचे, एवढं विचारून नोंदवायला हवं. १९६४ मध्ये विशीत असलेला माणूस आज ऐंशी ओलांडून गेलाय, म्हणून सुरुवात या मुलाखतींपासून करा. फिल्म साफ करायला आणखी दोन वर्षं लागली तरी हरकत नाही. माणसं तेवढी थांबणार नाहीत.

आणि एक साधी विनंती. त्या २,२०० पैकी मराठी चित्रपट कोणते, त्यांतल्या किती प्रती तयार झाल्या, आणि सामान्य माणसाला त्या कुठे व कितीला मिळतील, याची यादी मराठीत जाहीर करा. यादी आली की आम्ही इथे आगाऊ नोंदणी सुरू करतो. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे.

आपला,
धुळ्याचा एक प्रेक्षक