उत्तराला चार पाय

परीक्षा जवळ आली की आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग लागते. त्या रांगेत मी दोन वेळा उभा राहिलो आहे. एकदा नापास होण्यापूर्वी आणि एकदा नापास झाल्यानंतर. पहिल्या खेपेस मी तेथून 'हमखास येणारे प्रश्न' असा मथळा असलेला वीस पानांचा गठ्ठा आणला. दुसऱ्या खेपेस फक्त कोरे कागद आणले. या दोन खरेद्यांच्या मध्ये जे घडले त्यावरून माझे एक मत बनले आहे. ते विद्यार्थी मित्रांपुढे, आणि धीर करून प्राध्यापकांपुढेही, मांडावे एवढाच या लेखाचा हेतू.

विषय होता सदिश कलन, म्हणजे आपण सारे ज्याला व्हेक्टर कॅल्क्युलस म्हणतो तो. वारा, पाण्याचा प्रवाह, विजेचे क्षेत्र अशा, प्रत्येक बिंदूपाशी काही मान आणि काही दिशा असणाऱ्या गोष्टींचे हे गणित. सुरुवातीला ग्रेडियंट, डायव्हर्जन्स आणि कर्ल. शेवटी ग्रीन, गाउस आणि स्टोक्स यांच्या नावांची तीन प्रमेये. परीक्षेत बहुधा 'अमुक क्षेत्रासाठी स्टोक्सच्या प्रमेयाचा पडताळा पहा' असे उदाहरण येते. पुस्तकात ते सोडवून दिलेलेच असते: एक त्रिज्येचा अर्धगोल, दीड पान आकडेमोड, आणि उत्तर पाय. मी ते दीड पान इतक्या वेळा घोकले होते की झोपेतही लिहून दाखवले असते.

प्रश्नपत्रिकेत तेच क्षेत्र आले, तोच अर्धगोल आला. फक्त त्रिज्या एकऐवजी दोन होती. मी ती पाहिली, उत्तरपत्रिकेत उतरवूनही घेतली, आणि पुढे हात आपोआप पाठ केलेल्या वाटेने चालू लागला. शेवटी मोठ्या समाधानाने मी लिहिले, उत्तर पाय. बाहेर आल्यावर माझा एक कानडी मित्र म्हणाला, "अरे, उत्तराला चार पाय पाहिजे होते. तू त्याला एकाच पायावर उभं केलंस!" आम्ही दोघेही हसलो. निकाल लागला तेव्हा मात्र हसू आले नाही, कारण मी अशीच गत आणखी तीन उदाहरणांची करून ठेवली होती.

पेपर राहिला, आणि त्यामुळे पुढच्या प्रवेशाचे एक वर्ष गेले. वडील बेगमबाजारात एका दुकानाचे हिशेब लिहितात. त्यांनी रागावावे अशी माझी तयारी होती. पण ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "महिनाभर रात्री दोन-दोनपर्यंत दिवा जळत होता. मग तू वाचत काय होतास?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी वाचले पुष्कळ होते. पण काय वाचले ते मला सांगता येत नव्हते. माझ्या मते आपल्या परीक्षेच्या अभ्यासाचा सारा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे.

दुसऱ्या खेपेची तयारी त्याच कानडी मित्राबरोबर, आमच्या काचीगुड्याच्या घराच्या गच्चीवर झाली. तो बिदरकडचा, आम्ही मूळचे उदगीरचे. थोडे मराठी, थोडे कानडी आणि उरलेले सारे दखनी, अशा तिखटमिठाच्या भाषेत आमची चर्चा चाले. आम्ही एकच नियम केला होता. प्रमेय एकमेकांना आधी चिन्हांवाचून सांगायचे, आणि मगच पेन हातात घ्यायचे.

ग्रेडियंट गोवळकोंड्यावर सुटला. किल्ल्याच्या टेकडीवर एकाच उंचीने फिरत राहिले तर दम लागत नाही. त्या वाटेशी काटकोन करून बालाहिसारकडे निघाले की छाती भरून येते. त्या सर्वांत उभ्या चढणीची दिशा आणि तिचा चढ मिळून ग्रेडियंट होतो. स्टोक्स मात्र काही केल्या सुटेना. पुस्तक सांगे की पृष्ठभागावरच्या साऱ्या कर्लची बेरीज ही त्याच्या कडेने घातलेल्या फेरीइतकी असते. पण का? आतल्या सगळ्या गोष्टींचा हिशेब एकट्या कडेला कसा काय कळतो?

त्या संध्याकाळी आजी गच्चीवर वाकळ शिवत बसली होती. मित्र म्हणाला, "आमच्याकडे हिला कौदी म्हणतात." आणि बोलता बोलता तो थांबला. वाकळीच्या प्रत्येक तुकड्याभोवती सुई एकाच दिशेने, समजा डावीकडून, फिरवली, तर शेजारच्या दोन तुकड्यांमधल्या शिवणीवरून ती दोनदा जाते. एकदा वर आणि एकदा खाली. बेरीज करताना या दोन फेऱ्या एकमेकींना खाऊन टाकतात. आतल्या साऱ्या शिवणी अशा रद्द झाल्या की उरते ती फक्त वाकळीची बाहेरची किनार. तुकड्यातुकड्याभोवतीची फेरी हाच कर्लचा अर्थ, आणि किनारीवरून घातलेली एक मोठी फेरी ही त्या सगळ्या लहान फेऱ्यांची बेरीज. हेच स्टोक्सचे प्रमेय. आजीला आम्ही हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग यात शिकायचं ते काय होतं?"

यानंतर मी ते दगा दिलेले उदाहरण पुन्हा काढले. त्या क्षेत्राचा कर्ल काढून पाहिला तर तो सगळीकडे सारखाच निघाला: मान एक, दिशा सरळ वर. वाकळ अर्धगोलासारखी फुगवा नाही तर सपाट अंथरा, किनार तीच असेल तर बेरीजही तीच. म्हणजे अर्धगोलावर चढण्याचे काही कारणच नव्हते. उत्तर म्हणजे पायथ्याच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ. त्रिज्या एक असेल तर पाय, दोन असेल तर चार पाय. मी दीड पान पाठ केले होते, आणि समजून घेतले असते तर काम दोन ओळींचे होते! घोकंपट्टी हा आळशी विद्यार्थ्याचा सोपा मार्ग आहे असे आपण समजतो. माझा अनुभव उलटा आहे. घोकंपट्टीच जास्त कष्टाची असते, आणि ते कष्ट बव्हंशी पालथ्या घड्यावरच्या पाण्यासारखे वाहून जातात.

आता थोडा इतिहास सांगतो. जे प्रमेय आपण परीक्षेसाठी पाठ करतो, ते छापील रूपात जगापुढे पहिल्यांदा आले तेच मुळी एका प्रश्नपत्रिकेतून. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५० साली स्टोक्स यांना लिहिलेल्या पत्रात ते कळवले होते. स्टोक्स यांनी १८५४ साली केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत ते सिद्ध करायला घातले. त्या परीक्षेला बसलेल्यांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल होते. पारितोषिक त्यांना आणि रौथ यांना बरोबरीने मिळाले. पुढे विद्युत आणि चुंबकत्व यांवरच्या १८७३ च्या आपल्या ग्रंथात मॅक्सवेलनी हेच प्रमेय कामाला लावले. कोणत्याही पुस्तकात न छापलेला प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठेवावा आणि त्याने तीन-चार तासांत स्वतः विचार करावा, हा त्या परीक्षेमागचा विश्वास होता. आमच्या परीक्षेत पुस्तकातला आकडा बदलला तरी वर्गात कुरकुर होते, "सर, हे सिलॅबसच्या बाहेरचं आहे!" अशी कुरकुर मीही केली आहे, हे येथे प्रामाणिकपणे सांगतो.

ग्रीनची कथा तर आपल्यासारख्यांना अधिक जवळची वाटावी. जॉर्ज ग्रीन हा नॉटिंगहॅमजवळचा पिठाच्या गिरणीवर राबणारा माणूस. लहानपणी जेमतेम वर्षभर शाळेत गेलेला. त्याने १८२८ साली आपला प्रबंध वर्गणीदार मिळवून छापला, आणि केंब्रिजला विद्यार्थी म्हणून तो गेला १८३३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. आधी समज आली, पदवी नंतर. आपण नेमके उलटे चाललो आहोत, आणि एक वर्ष गेले म्हणजे आयुष्य गेले असे मानतो.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतील, हे मी जाणून आहे. पहिला आक्षेप असा की गुणांवर प्रवेश मिळतो, गुणांवर नोकरी मिळते. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलाने वाकळी उसवत बसायचे की पास व्हायचे? आक्षेप खरा आहे. पण मी पास होण्यासाठीच घोकले होते आणि तरीही नापास झालो. हमखास प्रश्नांच्या गठ्ठ्यावर विसंबणे हा एक प्रकारचा जुगारच आहे, आणि ज्याला वर्ष गमावणे परवडत नाही त्यानेच तो खेळावा हे विपरीत आहे. दुसरा आक्षेप असा की पाठांतराशिवाय गणित होत नाही. हेही खरे. पाढे पाठ हवेत, व्याख्या पाठ हव्यात, ग्रेडियंटचा कर्ल शून्य आणि कर्लचा डायव्हर्जन्स शून्य ही सूत्रे जिभेवर हवीत. पण विटा पाठ करणे वेगळे आणि आयते घर पाठ करणे वेगळे. घराची एक भिंत हलली की पाठांतर कोसळते.

भाषेविषयीही थोडे लिहायला हवे. या हैदराबादेत उच्च गणित देशी भाषेत शिकवण्याचा एक मोठा प्रयोग होऊन गेला. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग ग्रंथ तयार करीत असे. संस्थानातल्या बहुसंख्य मराठी, तेलुगू आणि कानडी मुलांची ती मातृभाषा नव्हती, ही त्या प्रयोगाची मर्यादा. पण गणित इंग्रजीतच कळते असे नाही, हे त्याने दाखवून दिले. माध्यम बदला अशी माझी मागणी नाही. उत्तरपत्रिका इंग्रजीतच असू द्या. पण समजण्याची भाषा आणि लिहिण्याची भाषा एकच असली पाहिजे असा नियम कोणी केला? मराठीत व्हेक्टरला सदिश म्हणतात, आणि माझा मित्र सांगतो की कानडीतही सदिशच म्हणतात. दिशेसह असलेले ते सदिश. त्या एका शब्दात व्याख्या आली. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लीलावतीत भुंगे, मोर आणि साप घेऊन उदाहरणे घातली, ती काही गंमत म्हणून नव्हे. घरातल्या वस्तूशी सांधा जुळला की गणित डोक्यात घर करते. त्यांच्या जन्मगावावर मराठी आणि कानडी दोघेही हक्क सांगतात. तो वाद आपण या अंकाच्या दोन विभागांत सुखाने चालू ठेवू!

आणि समजण्याची गरज केवळ परीक्षेपुरती नाही. १९०८ च्या सप्टेंबरात मुसीच्या पुराने या शहरात हजारो माणसे नेली. त्यानंतर १९०९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथे आले. ते कानडी मुलखातले आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात इंजिनिअरिंग शिकलेले, म्हणजे आपल्या दोन्ही विभागांचे. नदी शहरात शिरल्यावर काय करावे यापेक्षा शहरात शिरण्यापूर्वी पाणी अडवावे कुठे, हा प्रश्न त्यांनी धरला. वर किती क्षेत्रावर पाऊस पडते, किती येते, किती जाते, किती साठते, हा हिशेब मांडला गेला. उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. हद्दीतून बाहेर गेलेले वजा आत आलेले म्हणजे आत निर्माण झालेले, हा गाउसच्या प्रमेयाचा गाभा. असा हिशेब ज्याला समजतो त्याला नवी नदीही वाचता येते. ज्याने तो पाठ केला आहे त्याला एकच नदी येते.

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. विद्यार्थी मित्रांनी प्रत्येक प्रमेय पाठ करण्यापूर्वी ते चार वाक्यांत, आपल्या भाषेत, एकही चिन्ह न वापरता लिहावे. सोडवलेले उदाहरण झाकून स्वतः सोडवावे; मग त्यातला एक आकडा बदलून, आकडेमोडीपूर्वीच उत्तराचा अंदाज करावा. प्राध्यापकांना विनंती अशी की प्रत्येक चाचणीत निदान एक प्रश्न कोणत्याही पुस्तकात नसलेला घालावा आणि तसे आम्हाला आधीच सांगून ठेवावे. चाचणीच्या उत्तरपत्रिका परत देऊन कोण कोठे चुकला यावर एक तास बोलावे. वर्ग मोठे असतात आणि वेळ अपुरा असतो, हे आम्ही जाणतो. परंतु माझी ती चूक मला चाचणीतच कोणी दाखवली असती, तर एक वर्ष वाचले असते.

दुसऱ्या खेपेस मी पास झालो. गुण काही फार मिळाले नाहीत. गठ्ठे पाठ करणाऱ्या काहींना माझ्यापेक्षा जास्त मिळाले, हेही लपवत नाही. मात्र पेपरच्या आदल्या रात्री दिवा दहालाच मालवला होता. सकाळी वडिलांनी सहज विचारले, "काल काय वाचलंस?" मी अंथरुणावरची वाकळ ओढून घेतली आणि तिच्या शिवणीवर बोट ठेवून त्यांना सांगू लागलो. ते हिशेबनीस आहेत. जमा आणि खर्च एकमेकांना कसे खातात हे त्यांना सांगावे लागले नाही.

पहिल्या वर्षी ज्या प्रश्नाला मी निरुत्तर झालो होतो, त्याचे उत्तर पाच मिनिटांत देऊन झाले. मग मी पेपरला गेलो.