पत्ता सांगणारा शेजारी

लालबागमध्ये पत्ता विचारून बघा. ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस सापडणं कठीण! पानवाला एक गल्ली दाखवेल, चहावाला दुसरी, आणि दोघंही फुल कॉन्फिडन्सने. इंटरनेटचे राउटर यापेक्षा हुशार असतील असं मला वाटायचं. लोअर परळच्या एका ऑफिसात नेटवर्क सांभाळणाऱ्या मित्राने परवा कटिंग पिता पिता तो गैरसमज मोडीत काढला.

‘हे पत्ते माझ्याकडे आहेत, डेटा इकडे पाठव,’ असं एक नेटवर्क शेजारच्याला सांगतं, तो त्याच्या पुढच्याला. याचंच नाव बीजीपी. बस्स, सगळा कारभार विश्वासावर! १६ एप्रिल २०२१, शुक्रवार. राज्यात कोरोनाचे निर्बंध, अर्धं लोअर परळ घरून काम करतंय. संध्याकाळी साडेसातच्या जरा आधी व्होडाफोन आयडियाच्या ५५४१० क्रमांकाच्या नेटवर्कने ३० हजारांहून जास्त मार्ग स्वतःचे म्हणून जाहीर केले. होते दुसऱ्यांचेच. शेजाऱ्याने ते खरं मानून पुढे ढकललं आणि त्या नेटवर्ककडे येणारा ट्रॅफिक १३ पट झाला. विसर्जनाला अख्खी मुंबई गिरगावच्या एकाच गल्लीत घुसावी, तसं! मुख्य गोंधळ सुमारे १० मिनिटं चालला.

अशा वेळी आपण काय करतो? राउटर बंद-चालू.

‘‘काही उपयोग नाही,’’ मित्र म्हणाला. ‘‘तो उठतो आणि शेजाऱ्याकडून तीच थाप पुन्हा ऐकतो.’’ तो आधी ट्रेसरूट लावून डेटा कुठे भरकटतोय ते बघतो. मग मार्गातला शेवटचा क्रमांक, म्हणजे पत्त्यावर मालकी सांगणारं नेटवर्क. ते भलतंच निघालं, तर तो मार्ग गाळायचा आणि शेजारच्या कंपनीला फोन. (रात्री तीन वाजता फोन उचलणारा माणूस ओळखीचा असणं, हे खरं क्वालिफिकेशन!) गंमत म्हणजे, आपल्या कंपनीचे पत्ते उद्या दुसऱ्याने स्वतःचे म्हणून सांगितले, तर आपला राउटर ठणठणीत असूनही साइट गायब होऊ शकते.

म्हणून बंदोबस्त आधीच हवा. एरवी दोनशे मार्ग सांगणारा शेजारी एकदम हजारो सांगायला लागला की कनेक्शन तोडायचं, अशी मर्यादा राउटरवर घालता येते. शिवाय आरपीकेआय आहे : पत्त्याचा खरा मालक डिजिटल सहीनिशी नोंद करून ठेवतो, राउटर येणारा दावा तिच्याशी ताडून बघतो. अर्थात, कुणी ताडून बघितलं तर!

‘‘तुमच्याकडे आहे हे सगळं?’’ मी विचारलं.

‘‘मर्यादा घातलीय,’’ ग्लास खाली ठेवत तो म्हणाला. ‘‘आरपीकेआयसाठी साहेबांना तिसरा मेल टाकलाय.’’